इंटरव्हल: धावण्यातल्या मधल्या सुट्टीची गोष्ट

आपल्याकडे इंटरव्हल म्हटलं की सिनेमा अर्ध्यात थांबतो आणि लोक वडापावच्या गाडीकडे धावतात. धावणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द आला तो उलट्या अर्थाने. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत, जिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, तिथे सकाळी सहाला चक्कर टाकली तर ‘आज इंटरव्हल आहे’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणाऱ्याला सांगायचं असतं, आज जीव खाऊन पळायचंय. मूळ शब्द मात्र दोन धावांच्या मधल्या थांब्याचा होता, आणि ज्यांनी ही पद्धत शास्त्रावर उभी केली त्यांच्या लेखी खरं काम त्या थांब्यातच व्हायचं.

याची सुरुवात शोधायची तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने. त्या काळात फिनलंडमध्ये लाउरी पिहकाला हा प्रशिक्षक लांब पल्ल्याच्या धावपटूंना सांगत होता की एकाच चालीने मैलोन्‌मैल जाण्यापेक्षा छोट्या, वेगवान धावा घ्या आणि मध्ये विसावा घ्या. पुढे 1930 च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेरने ‘फार्टलेक’ आणलं. शब्दाचा अर्थ वेगाचा खेळ. जंगलातल्या वाटेवर मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा, मनाला येईल तेव्हा सोडायचा. आमच्याकडे मोजलेला ट्रॅक सहज मिळत नाही, त्यामुळे या खांबापासून त्या खांबापर्यंत जोरात आणि पुढच्या खांबापर्यंत हळू, असं पळणारे बरेच जण नाव न कळताही हेच करत असतात.

घड्याळ आणि नाडी यांचा हिशेब आणला तो जर्मनांनी. वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचा नियम साधा होता. छोट्या धावेने नाडी मिनिटाला 180 च्या आसपास न्यायची, मग ती 120 ते 125 वर येईपर्यंत थांबायचं. दीड मिनिटात खाली आली नाही, तर धाव जास्त जोराची झाली किंवा आजचा दिवस संपला. विसाव्यात हृदय दर ठोक्याला जास्त रक्त भरून घेतं आणि त्यातूनच ते मजबूत होतं, असं त्यांचं म्हणणं. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग 15 जुलै 1939 रोजी मिलानमध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला. तो विक्रम सोळा वर्षं टिकला. नंतरच्या संशोधनाने विसाव्यापेक्षा जोराच्या मिनिटांना जास्त महत्त्व दिलं, पण नाडी उतरायची वाट बघण्याची शिस्त काही चुकीची ठरली नाही.

हेलसिंकी 1952 म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधवांचं कांस्यपदक आठवतं, आणि ते बरोबरच आहे. त्याच आठवड्यात चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने 5,000, 10,000 आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं घेतली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. त्याचा नेहमीचा सराव 200 मीटर पाच वेळा, 400 मीटर वीस वेळा, पुन्हा 200 मीटर पाच वेळा, आणि मध्ये हळू जॉगिंग. पेशाने सैनिक, त्यामुळे कधी लष्करी बूट घालूनच पळायचा. त्याचं बघून जगभर लोकांनी 400 च्या फेऱ्यांचा सपाटा लावला आणि कित्येकांचे पाय गेले.

मला जास्त जवळचा वाटतो तो रॉजर बॅनिस्टर. डॉक्टरकीचा विद्यार्थी, सरावाला वेळ जेवणाच्या सुट्टीतला. 440 यार्डांच्या दहा धावा, मध्ये दोन मिनिटं. एक फेरी 66 सेकंदांवरून उतरत 61 वर आली आणि तिथेच अडली. तेव्हा तो मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेला. परत आल्यावर 59 सेकंद लागले. 6 मे 1954 ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडवर त्याने 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल पुरा केला, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने लोलक दुसरीकडे नेला. आधी कित्येक महिने भरपूर, आरामात पळा. वेग शेवटच्या काही आठवड्यांत. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने 800 आणि मरे हॅलबर्गने 5,000 मीटर एकाच दुपारी जिंकलं. पुढे जपानच्या इझुमी ताबाताचे 20 सेकंद जोर, 10 सेकंद विसावा (1996) आले, नॉर्वेकरांचे चार मिनिटांचे चार टप्पे (2007) आले. हौशी माणसाला यातलं ताबाताचं प्रकरण सोडून दिलं तरी चालतं.

सीमाभागात हे सगळं पोहोचलं दोन वाटांनी. एक अलीकडची, मनगटावरच्या घड्याळांची आणि रविवारच्या दहा किलोमीटरच्या शर्यतींची. दुसरी फार जुनी, सैन्यभरतीची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे खानापूर, निपाणी, येळ्ळूरपासून पोरं भरतीची तयारी करत आली आहेत. 1,600 मीटरची धाव, पहिल्या गटात यायला वर्षानुवर्षं साडेपाच मिनिटांची अट. म्हणजे 400 ची एक फेरी साधारण 82 सेकंदांत. ही पोरं फेरीला ‘राउंड’ म्हणतात, शिक्षक कन्नडमध्ये ओंदु, एरडु मोजतात आणि दमलेलं पोर मराठीत कण्हतं.

मी स्वतः चाळिशीनंतर हे शिकायला गेलो आणि दुसऱ्याच आठवड्यात पोटरी धरली. आठ फेऱ्या, मध्ये जेमतेम अर्धा मिनिट, घाई माझीच. आता आधी दोन-तीन महिने आरामशीर पळतो आणि मग इंटरव्हलला आठवड्यातून एकच दिवस ठेवतो, दहा मिनिटं हळू पळून मग 400 च्या पाच-सहा फेऱ्या. राजहंसगडाचा चढ असेल तर मीटर मोजतच नाही, वर पळायचं आणि चालत उतरायचं.

मागच्या पावसाळ्यात मैदानावरच्या तांबड्या चिखलात एक भरतीचा पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. बुटांना चिखलाचे थर, घड्याळ नाही. दोन राउंडच्या मध्ये किती थांबतोस, म्हणून विचारलं.

‘‘दम परत येईस्तोवर की, काका.’’