हॅमिल्टन टायगर-कॅट्सचा २००३ चा सीझन

कॅनडातल्या हॅमिल्टन शहराची टायगर-कॅट्स ही टीम २००३ मध्ये कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये १८ मॅच खेळली आणि त्यातल्या १७ हरली. एकच जिंकली. एका सीझनमध्ये १७ पराभव लीगच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्याच टीमच्या नावावर नाहीत, त्यामुळे वाईट सीझनचा विषय निघाला की आजही पहिलं नाव याच वर्षाचं निघतं. पण नुसता आकडा बघून हे वर्ष कळत नाही, कारण मैदानावर टीम हरत होती त्याच वेळी क्लबचे पैसे संपले होते आणि टीम राहणार की बंद पडणार हाच प्रश्न होता.

आधी खेळाबद्दल थोडं. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नाही, अमेरिकन फुटबॉलचा सख्खा भाऊ म्हणा, फक्त टीममध्ये ११ ऐवजी १२ खेळाडू, मैदान ११० यार्डांचं म्हणजे जास्त लांब आणि रुंदही, आणि १० यार्ड पुढे सरकायला ४ ऐवजी ३ च संधी. त्यामुळे बॉल फेकणारा क्वार्टरबॅक चालला नाही तर टीम लगेच अडकते. २००३ मध्ये लीगमध्ये ९ टीम होत्या. शेवटी जो चषक मिळतो तो ग्रे कप, आणि कॅनडात त्याचं वेड मोठं आहे.

हॅमिल्टन हे ऑन्टारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाचं पोलादाचं शहर, स्टेल्को आणि डोफास्को या कारखान्यांवर उभं राहिलेलं, साधारण पाच लाख वस्तीचं. शेजारी टोरोंटो, त्यांच्याशी जुनी खुन्नस, दर सप्टेंबरला लेबर डेच्या सुट्टीला या दोघांची मॅच हा इथला जवळजवळ सणच. काळे-पिवळे कपडे घालून लोक आयव्हर विन स्टेडियमला यायचे. १९३० च्या ब्रिटिश एम्पायर गेम्स याच जागी झाल्या होत्या, आजूबाजूला साधी कामगारवस्ती, घरांच्या मधोमध स्टेडियम.

आणि ही काही कायम रडणारी टीम नव्हती हे मुद्दाम सांगायला पाहिजे. फक्त चार वर्षं आधी, १९९९ ला, कॅलगरीला ३२-२१ हरवून यांनी ग्रे कप जिंकला होता. क्वार्टरबॅक डॅनी मॅकमॅनस त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्याचे पास पकडायला डॅरेन फ्लूटी होता आणि कोच होते रॉन लँकेस्टर. २००१ लाही ११ मॅच जिंकल्या. २००२ ला गाडी घसरली, ७ विजय ११ पराभव, आणि त्यानंतर फ्लूटी रिटायर झाला. २००३ मध्ये मॅकमॅनस ३८ वर्षांचा झाला. चांगली टीम एकत्रच म्हातारी झाली आणि तिच्या जागी नवी उभी करायला क्लबकडे पैसा नव्हता, माझ्या मते १७ पराभवांचं खरं कारण हेच, कोच किंवा एखाद्या खेळाडूवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

पैशाची गोष्ट अशी की त्या उन्हाळ्यात क्लबचं दिवाळं निघालं, मालकाला खर्च झेपेना, आणि शेवटी लीगने टीम स्वतःच्या ताब्यात घेतली. गंमत नाही, त्याच उन्हाळ्यात टोरोंटो आर्गोनॉट्सचीही हीच गत झाली, म्हणजे ९ पैकी २ टीम एकाच वेळी लीगच चालवत होती. आपला पगार पुढे कोण देणार आणि पुढच्या वर्षी टीम असेल का हे माहीत नसताना खेळाडू दर आठवड्याला मैदानात उतरत होते. हे लक्षात घेतलं की त्या १-१७ कडे बघायची नजर बदलते.

तो एकमेव विजय मिळाला सस्कॅचेवान रफरायडर्सविरुद्ध, तोही ओव्हरटाइममध्ये. सस्कॅचेवान काही लिंबूटिंबू नव्हते, त्या वर्षी त्यांनी ११ मॅच जिंकल्या. आणि इथे लँकेस्टर यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही, कारण ते स्वतः याच सस्कॅचेवानचे क्वार्टरबॅक होते, १९६६ चा ग्रे कप त्यांनी त्या टीमला जिंकून दिला, लीगमध्ये ५० हजार यार्डांचे पास फेकणारे ते पहिले. १९७२ चा ग्रे कप याच हॅमिल्टनच्या स्टेडियमवर झाला, तेव्हा शेवटच्या किकवर हॅमिल्टनच्या इयान सन्टरने लँकेस्टर यांच्या सस्कॅचेवानला १३-१० हरवलं होतं. एकतीस वर्षांनी तेच लँकेस्टर हॅमिल्टनच्या बाजूला उभे होते आणि अख्ख्या वर्षात मिळालेला एक विजय मिळाला तो आपल्याच जुन्या टीमकडून.

किकर पॉल ऑस्बाल्डिस्टनचंही वाईट वाटतं. १९८६ ला पहिल्याच वर्षी त्याने ग्रे कप फायनलमध्ये ६ फील्ड गोल (बॉल किक मारून खांबांमधून पार करणं) मारले होते, टीमने एडमंटनला ३९-१५ असं धुतलं होतं, मग १८ सीझन तो हॅमिल्टनकडूनच खेळला आणि त्याचा शेवटचा सीझन नेमका हा.

ऑक्टोबरमध्ये बॉब यंग यांनी क्लब विकत घेतला. हे मूळचे हॅमिल्टनचेच, रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक. ते स्वतःला मालक म्हणवत नसत, टीम शहराची आहे आणि आपण फक्त तिची काळजी घेणारे, असं सांगायचे. लँकेस्टर यांनी कोचची जागा सोडली पण क्लबमध्येच राहिले, आणि मॅकमास्टर या गावातल्याच युनिव्हर्सिटीच्या टीमला घडवणारे ग्रेग मार्शल कोच झाले. २००४ ला ९ विजय, ८ पराभव, १ बरोबरी! मार्शल लीगचे सर्वोत्तम कोच ठरले, स्टेडियम पुन्हा भरायला लागलं.

पण म्हणून २००३ चं दुखणं एका वर्षात बरं झालं असं लिहिणं खोटं होईल. २००५ ला १३ पराभव, २००६ ला १४ (मार्शल यांना मध्येच काढलं आणि लँकेस्टर यांनाच तात्पुरतं परत उभं राहावं लागलं), २००७ ला १५. लँकेस्टर २००८ च्या सप्टेंबरमध्ये गेले.

नंतर दुसऱ्या टीमनीही वाईट दिवस पाहिले, एडमंटन तर २०१९ ते २०२३ मध्ये घरच्या मैदानावर सलग २२ मॅच हरली, तरी २०२३ ला त्यांनी ४ जिंकल्याच. १९८८ ला आणि २०१४ ला ओटावाच्या टीमचे २ विजय १६ पराभव होते, ते सगळ्यात जवळचं. आयव्हर विन २०१२ च्या सीझननंतर पाडलं, त्याच जागी २०१४ ला नवं स्टेडियम सुरू झालं, आणि हॅमिल्टनचा शेवटचा ग्रे कप अजूनही १९९९ चाच आहे.