युनिटला २ रुपये ४४ पैसे, पण कुठल्या वेळचे?

मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सौर उद्यानाच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैशांची बोली आली. कोळशावरच्या नव्या केंद्रांची वीज तेव्हा तीन रुपयांच्या वर होती. त्याच्या सात वर्षं आधी, २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा आधारभूत दर १७ रुपये ९१ पैसे धरला होता. इतकी घसरण पाहून ‘आता कोळसा संपला’ असं एका बाजूने म्हटलं गेलं, तर ‘रात्री काय करणार?’ असं दुसरी बाजू विचारू लागली. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण कुठली वीज स्वस्त हा प्रश्न महाराष्ट्राला शंभर वर्षं जुना आहे. दर वेळी उत्तर एकाच गोष्टीवर ठरलं: हिशेबात काय धरलं आणि काय बाहेर ठेवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत आणि त्यांचा कोळसा फार लांबून येई. टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधले, पाणी नळांतून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रं आली. महाराष्ट्रात कोळसा आणि नवीकरणीय वीज यांच्यातली पहिली लढत अशी पाण्याने जिंकली. पाऊस फुकट होता आणि उंची सह्याद्रीची होती. पण भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातली मावळ्यांची भातखाचरं आणि गावं पाण्याखाली गेली. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. गिरणीमालकाला मिळालेल्या युनिटच्या भावात त्या खाचरांची पूर्ण किंमत कधीच धरली गेली नाही.

कोयनेची गोष्टही याच वळणाची. १९६० मेगावॉट क्षमतेचा हा जलविद्युत प्रकल्प आजही राज्याला संध्याकाळी सावरतो, कारण त्याचे संच काही मिनिटांत सुरू होतात. विस्थापित मात्र तिसऱ्या पिढीतही जमिनीच्या सातबाऱ्यासाठी आंदोलनं करत आले आहेत. शिवाय पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याला, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने मर्यादा घातली आहे. म्हणून हवी तेवढी कोयना वाढवता येत नाही.

मागणी वाढली तसा भार कोळशाकडे गेला: कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिकचं एकलहरे. इथे विजेच्या हिशेबाची रचना समजून घ्यायला हवी, कारण आजचा सगळा वाद तिच्यातच अडकतो. औष्णिक केंद्राच्या दराचे दोन भाग असतात. बांधकामाचं कर्ज, व्याज, परतावा आणि पगार हा स्थिर खर्च. कोळसा हा बदलता खर्च. ज्याचा बदलता खर्च कमी ते केंद्र आधी चालवायचं, हा नियम. चंद्रपूरच्या आसपास खाणी आहेत, तर एकलहऱ्याला कोळसा रेल्वेने दूरवरून आणावा लागतो. त्यामुळे एकच कोळसा दोन ठिकाणी दोन भावांचा होतो. आणि केंद्र तयार असूनही चालवलं नाही, तरी स्थिर खर्च ग्राहकाला भरावाच लागतो. चंद्रपूरकरांच्या फुप्फुसात जाणारी राख या दोन्ही भागांत बसत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातलं. सल्फर रोखणारी यंत्रणा बसवण्याचे निकष २०१५ मध्ये आले. मग मुदती वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. ती यंत्रणा बसली असती तर दर वाढला असता. म्हणजे कोळशाची वीज स्वस्त दिसते यात ही न बसलेली यंत्रणाही आहे, आणि हे मला फार गंभीर वाटतं.

दाभोळ विसरून तर हा विषय सांगताच येत नाही. तिथल्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी पहिला समझोता १९९२ चा, वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ चा. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून तो मोठा केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, सुरू झाला. इंधनाचा खर्च थेट दरात आणि देणं डॉलरशी बांधलेलं. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांचा होता, २००१ मध्ये सेहेचाळीसच्या पुढे गेला. तेलही महागलं. काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर पडलं. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचेच होते. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी कराराचा हिशेब आधीच मांडून दाखवला होता. करारातला भाव आणि प्रत्यक्ष पडणारा भाव वेगळा असतो, हे राज्य दाभोळमुळे शिकलं. पुढे गुजरातच्या मुंद्रा प्रकल्पातही हेच दिसलं. आयात कोळशावर २ रुपये २६ पैशांचा सरासरी दर ठरला होता, महाराष्ट्रही त्या विजेचा ग्राहक. २०११ मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि तो भाव परवडेनासा झाला.

सूर्य आणि वाऱ्याला इंधनाचं हे भय नाही. पंचवीस वर्षांचा दर पहिल्या दिवशी ठरतो. पण त्यांच्याही हिशेबाला बाहेरचा कप्पा आहे. साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांना राज्य वीज नियामक आयोगाच्या २००३ च्या आदेशाने पहिल्या वर्षी साडेतीन रुपये आणि दरवर्षी १५ पैशांची वाढ मिळाली. त्या काळी अनेकांनी चक्क्या उभारल्या त्या घसाऱ्यावरच्या करसवलतीसाठी, म्हणजे खर्चाचा एक हिस्सा सरकारी तिजोरीने उचलला.

सौर विजेचा बाहेरचा कप्पा म्हणजे संध्याकाळ. दुपारी सौर वीज आली की महावितरण कोळशाचे संच मंदावते. त्यात वाचतो फक्त कोळसा, स्थिर खर्च नव्हे. म्हणून नवं केंद्र बांधायचं की नाही हे ठरवताना सौर विजेची तुलना कोळशाच्या पूर्ण दराशी करावी, आणि जुनं केंद्र उभं असेल तर त्याच्या फक्त कोळसाखर्चाशी. ही दोन वेगळी गणितं आहेत आणि वादात ती सतत एकमेकांत मिसळली जातात. जानेवारी २०२० च्या एका केंद्रीय लिलावात साठवणुकीसह वीज मागवली गेली. तिथे एरवीच्या वेळचा दर २ रुपये ८८ पैसे होता, तर मागणीच्या तासांसाठी सर्वांत कमी बोली आली ६ रुपये १२ पैसे. संध्याकाळची खरी किंमत तिथे पहिल्यांदा कागदावर उतरली.

उलट बाजूही मोजायला हवी. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, दिली जाते. दर तीन रुपयांच्या आसपास, आणि लांबच्या वाहिन्यांतली गळती वाचते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विजेची पाळी रात्रीची नसते. अंधारात मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाचं साप-विंचवाचं भय कोणत्याही दरपत्रकात नसतं, पण ते आहे. शेतीपंपाला संध्याकाळ लागत नाही, म्हणून सौर वीज इथे तिच्या पूर्ण किमतीला शोभते.

उरलेल्या संध्याकाळसाठी राज्य पुन्हा घाटाकडे वळलं आहे. दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि दिवेलागणीला खाली सोडायचं. या फेऱ्यात साधारण पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते. घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्याशी २८०० मेगावॉटचा करार केला, खर्च सुमारे १३ हजार कोटी रुपये. जागा दोन: शिरवता आणि भिवपुरी. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी जिथे पाणी अडवलं, तेच तलाव.