चीट कार्ट्रिजचा बोर्ड नव्याने बनवताना: ‘गेम जिनी’ची पार्श्वभूमी आणि आपल्याकडचा ६० पिनांचा पेच

ठाणे-नवी मुंबईतल्या घरांच्या माळ्यांवर नव्वदच्या दशकातले टीव्ही गेम अजून पडून आहेत. ‘मीडिया’सारख्या नावांची ही यंत्रे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी टीव्ही गेमची नक्कल. ॲडॅप्टर बरा असला की आजही चालतात. त्यांना ‘गेम जिनी’ हे चीट कार्ट्रिज (कोड टाकून गेमचे नियम वाकवणारे) मात्र बसत नाही, कारण ते ७२ पिनांच्या एनईएससाठी, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडासाठी, बनले होते आणि इथली कार्ट्रिजे ६० पिनांची. म्हणजे बोर्ड नवाच काढावा लागतो. मूळ बोर्ड स्कॅन करून ट्रॅकवर ट्रॅक गिरवण्यात फारसे हशील नाही. त्यातली मुख्य चिप खास बनवून घेतलेली होती, ती कुठल्याच बाजारात मिळत नाही. गिरवायचे ते तिचे वागणे.

कल्पना इंग्लंडच्या कोडमास्टर्स कंपनीची. १९९० मध्ये कॅनडात कॅमेरिकाने ती बाजारात आणली आणि पुढे अमेरिकेत लुईस गलूब टॉइजने. निन्टेन्डोने १९९० मध्येच अमेरिकी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. १९९१ मध्ये निकाल गलूबच्या बाजूने लागला आणि २१ मे १९९२ रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. मनाईच्या काळातल्या नुकसानीपोटी गलूबला दीड कोटी डॉलर मिळाले. निकालाचा गाभा सर्किटवाल्याला पटकन कळतो: जिनी गेमची प्रत करत नाही, बोर्डावर गेमचा एकही बाइट साठत नाही. प्रोसेसर जेव्हा एखादा ठरावीक पत्ता विचारतो, तेव्हा तेवढ्यापुरते उत्तर बदलून दिले जाते.

हे नेमके कसे होते ते मारिओच्या अमर्याद जिवांच्या कोडवरून पाहू: एस, एक्स, आय, ओ, पी, ओ. जिनीची अक्षरे १६ आहेत, म्हणून एका अक्षराचे ४ बिट आणि सहा अक्षरांचे २४. त्यात १५ बिट पत्त्याचे, ८ नव्या बाइटचे आणि उरलेला एक कोड सहा अक्षरी की आठ अक्षरी हे सांगणारा. हे बिट मुद्दाम उलटसुलट पेरलेले आहेत. सोडवल्यावर निघतो पत्ता ९१डी९ आणि बाइट एडी, दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत. त्या पत्त्यावर मूळ गेममध्ये सीई आहे, म्हणजे ‘जिवांचा आकडा एकाने कमी कर’. एडीचा अर्थ ‘तो आकडा नुसता वाच’. पुढचे दोन बाइट तसेच राहतात, त्यामुळे आकडा वाचला जातो आणि घटत नाही. आकडा ऋण झाला का, ही लगेच पुढे होणारी तपासणीही बिनबोभाट पार पडते. इतका नेटका बदल सगळ्याच कोडांत दिसत नाही.

मारिओचा प्रोग्राम ३२ केबीचा, म्हणजे पत्त्यांच्या खिडकीत अख्खा बसतो. मोठ्या गेममध्ये मॅपर चिप त्याच पत्त्यावर आलटूनपालटून वेगवेगळ्या बँका आणते. तिथे सहा अक्षरी कोड प्रत्येक बँकेतला तो बाइट बदलतो आणि गेम मध्येच गोठतो. आठ अक्षरी कोडात आणखी ८ बिट असतात ते यासाठी: कार्ट्रिजमधून येणारा मूळ बाइट जुळला तरच बदल करायचा. मूळ बाइट तपासायचा म्हणजे कार्ट्रिजकडची डेटा लाइन आणि यंत्राकडची डेटा लाइन वेगळी हवी. बोर्डाची सगळी रचना या एका गरजेतून आली आहे.

आज हे काम सीपीएलडीत, म्हणजे हवे ते लॉजिक भरता येणाऱ्या चिपमध्ये करतात. हिशेब असा: एका कोडाला १५ + ८ + ८ म्हणजे ३१ फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक), तीन कोडांना ९३. प्रत्येक कोड चालू-बंद आणि तपासणी चालू-बंद मिळून ६, आणि मेनू की गेम हे ठरवणारा १. एकूण १००. झायलिंक्सच्या एक्ससी९५७२एक्सएलमध्ये ७२ मॅक्रोसेल (प्रत्येकात एक फ्लिपफ्लॉप मावणारे कप्पे) आहेत, त्यात आउटपुट धरून एकच कोड नीट बसतो. एटीएफ१५०८एएसमध्ये १२८ आहेत, शिवाय ती ५ व्होल्टवरच चालते आणि ८४ पायांच्या पीएलसीसी या चौकोनी वेष्टनात मिळते, म्हणजे सॉकेट लावता येते. तरी १५ बिटांची तुलना प्रॉडक्ट टर्म, म्हणजे चिपमधल्या लॉजिकच्या मोजक्या ओळी, भराभर खाते. फिटरने (डिझाइन चिपमध्ये बसवणाऱ्या सॉफ्टवेअरने) हात टेकले तर दोन कोडांवर समाधान मानावे; ६७ फ्लिपफ्लॉपमध्ये काम होते.

डेटा लाइनमध्ये एक ७४एचसीटी२४५ ही दुतर्फा बफर चिप घालावी, दिशा आर/डब्ल्यू (वाचन की लेखन सांगणाऱ्या) लाइनवरून. पहिले बोर्ड बहुधा इथेच फसतात. डेटा एकाच दिशेने नेला तर मॅपरला जाणाऱ्या सूचना पोचत नाहीत: मारिओ चालतो, मोठे गेम चालत नाहीत. प्रत्येक वाचनाला २४५ उघडी ठेवली तर प्रोसेसर स्वतःची रॅम वाचत असताना ही चिपही त्याच लाइनवर बोलते आणि पडद्यावर नुसता राखाडी रंग येतो. वाचताना रॉमसिलेक्ट (कार्ट्रिजची रॉम निवडणारी) लाइन खाली असेल तेव्हाच उघडावी. बॅटरीवर सेव्ह होणाऱ्या गेमसाठी ६००० ते ७एफएफएफ हा हेक्स पट्टाही जोडावा. कोड जुळला की २४५ बंद आणि डेटा सीपीएलडीकडून. वेळेची तंगी नाही: १.७९ मेगाहर्ट्झला एक चक्र सुमारे ५५९ नॅनोसेकंदांचे असते, त्यातले वाचनाला साधारण ३५०. जुनी रॉम २०० घेते. १५ नॅनोसेकंदांची सीपीएलडी आणि २४५ आरामात मावतात.

मूळ जिनीचा मेनू ४ केबीचा होता आणि चित्रांसाठी वेगळी रॉम नव्हती. म्हणून ती अक्षरे ठोकळ्यांची दिसतात. तो प्रोग्राम कोडमास्टर्सच्या मालकीचा आहे, तेव्हा स्वतःचा लिहावा. लिहिताना दोन गोष्टी पाळाव्यात. मेनू कोड साठवतो ते हेक्स ८००० च्या वरच्या पत्त्यांवर लिहून, आणि नेमक्या त्याच पत्त्यांवर आपल्याकडची ‘९९९९ इन १’ छापाची मल्टिकार्ट गेम निवडतात. मेनू चालू असेपर्यंत कार्ट्रिजकडचे रॉमसिलेक्ट अडवले नाही, तर मारिओ लावून भलताच गेम सुरू होतो. दुसरे, मेनूतून गेममध्ये जाण्याची शेवटची सूचना रॅममध्ये उतरवून तिथून चालवावी, कारण त्या क्षणी मेनूची रॉम पायाखालून निघून जाते. ६० पिनांत रीसेटची पिन नाही. मेनूत परतायचे तर यंत्र बंद करूनच.

पिनांचा सांधा हा खरा कटकटीचा भाग. फॅमिकॉममध्ये ३०-३० पिना २.५४ मिलिमीटर अंतराने, एनईएसमध्ये ३६-३६ पिना २.५० ने. फरक किरकोळ वाटतो, पण ३५ अंतरांत १.४ मिलिमीटर साचतो, म्हणजे अर्ध्या पिनेहून जास्त; ७२ ला २.५४ चा कनेक्टर चालत नाही. ६० साठी भंगारातल्या मदरबोर्डचा ६२ पिनांचा आयएसए स्लॉट एका टोकाला कापून वापरता येतो. तो १.६ मिलिमीटरच्या कार्डासाठी आहे आणि कार्ट्रिजचा बोर्ड १.२ चा, म्हणून पकड सैल राहते, तपासणीपुरता ठीक. पिन ४५ आणि ४६ सरळ पुढे न्यायला विसरू नका. यंत्राचा आवाज एकीतून बाहेर येतो आणि कार्ट्रिजमधल्या जोडणीतून दुसरीने परत जातो. त्या तुटल्या तर चित्र येते, आवाज येत नाही, आणि माणूस टीव्हीवर संशय घेत बसतो.

रबाळे-महापे पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटला बोर्ड टाकताना जाडी लिहून द्या, नाहीतर १.६ चा येतो. मूळ जिनीची कड मुद्दाम जाडसर होती: तो लावल्यावर एनईएसमध्ये कार्ट्रिज खाली दाबायला जागाच उरत नसे, म्हणून न दाबताच पिना टेकाव्यात अशी ती सोय. त्यात कनेक्टरच्या पिना ताणल्या जात आणि नंतर साधी कार्ट्रिजे धरत नसत. ती सोय उचलू नये. १.२ मिलिमीटर आणि कडेला ३० ते ४५ अंशांचा उतार मागा. पट्ट्यांवर कथिलाचा थर नको. तो उंचसखल बसतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत लवकर राखाडी पडतो. ईनिगचे, म्हणजे निकेलवरच्या पातळ मुलाम्याचे सोने ०.०५ ते ०.०८ मायक्रॉनचे असते, अधूनमधून लावणाऱ्याला पुरते. रोजचा वापर असेल तर ०.७५ मायक्रॉनचे हार्ड गोल्ड, पण पाच-दहा बोर्डांसाठी त्याचा खर्च अंगावर येतो. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. फुंकर मारल्याने थुंकीतला ओलावाच पट्ट्यांवर बसतो.

सीपीएलडीच्या प्रत्येक सप्लाय पायाला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, आणि बोर्डावर पुरवठा येतो तिथे १० चा एक. साधी एटीएफ१५०८एएस शंभर मिलिअँपिअरहून जास्त ओढते. ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर १५० धरले, तर यंत्रातल्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर ०.६ वॉट उष्णता वाढते. तिचा ॲल्युमिनियमचा पत्रा जुन्या यंत्रांत बरेचदा नखाएवढा असतो. मोठा लावून, खाली थर्मल पेस्ट घालूनच तासभर चालवून पाहावे.