दाहजनुकांची अभिव्यक्ती, विषाणुजन्य श्वसनसंसर्गातील

इन्फ्ल्युएंझा, करोना, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस यांसारख्या विषाणूंनी श्वसनमार्गात शिरकाव केला की रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतील दाह घडवणारी जनुके जागी होतात. त्यांच्यावरून संदेशक आरएनए तयार होतो, त्यावरून प्रथिने बनतात आणि ताप, अंगदुखी, धाप ही लक्षणे बऱ्याच अंशी या प्रथिनांमुळे उद्भवतात. कोणते जनुक, कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती प्रमाणात जागे झाले, हे आरएनए मोजून ठरवणे हा या नोंदीचा विषय आहे. मराठवाड्यातील रुग्ण व उपचारपद्धती यांच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे.

संज्ञा : मराठी वैद्यकीय लेखनात या प्रक्रियेसाठी ‘शोथ’ आणि ‘दाह’ असे दोन शब्द चालतात. फुप्फुसशोथ, संधिशोथ अशा सामासिक नावांमुळे पहिला रुळला. मात्र आयुर्वेदात शोथ म्हणजे मुख्यतः सूज आणि दाह म्हणजे आग होणे. लाली, सूज, उष्णता व वेदना या चार अभिजात लक्षणांपैकी एकेकच त्यांत येते. जनुके कामाला लागतात तेव्हा सूज अजून दिसतही नसते, म्हणून येथे ‘दाह’ शब्द पत्करला आहे. ‘अभिव्यक्ती’ऐवजी काही लेखक ‘प्रकटीकरण’ वापरतात. दोहोंच्या अर्थामध्ये फरक नाही.

यंत्रणा : विषाणूचा आरएनए पेशीत आल्याचे ओळखणारी प्रथिने निरनिराळ्या जागी असतात. टीएलआर-३, टीएलआर-७ व टीएलआर-८ ही पेशीतील अंतर्कोशांच्या (आतल्या इवल्या पिशव्यांच्या) पटलांवर, तर आरआयजी-आय व एमडीए-५ ही पेशीद्रवात असतात. त्यांच्याकडून निघालेला संकेत दोन वाटांनी केंद्रकात जातो. आयआरएफ-३ व आयआरएफ-७ यांच्या वाटेने इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूची वर्दी देणाऱ्या प्रथिनांची, जनुके चालू होतात. एनएफ-कप्पा-बी या घटकाच्या वाटेने आयएल-६, टीएनएफ, आयएल-१ बीटा, सीएक्ससीएल-८ अशी खरी दाहजनुके चालू होतात. एनएफ-कप्पा-बीचा शोध रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये लावला. त्याच वर्षी जपानमध्ये आयएल-६चे जनुकही हाती आले. इंटरफेरॉन त्याआधी जवळजवळ तीन दशके, १९५७ पासून, आयझॅक्स व लिंडेनमन यांच्या कामामुळे ज्ञात होते. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते आणि तेथे एमएक्स-१, ओएएस-१, आयएफआय-२७ यांसारखी शेकडो जनुके उठतात.

दोन्ही वाटा एकाच चौकातून फुटत असल्या तरी त्यांचा वेग आणि परिणाम भिन्न आहे, आणि विषाणू पहिली वाट अडवण्यात तरबेज आहेत. इन्फ्ल्युएंझाचे एनएस-१ प्रथिन आरआयजी-आयचा संकेत दाबते. सार्स-कोव्ह-२चे एनएसपी-१ तर रायबोसोमलाच बूच मारते. म्हणजे संदेशक आरएनए तयार होतो, पण त्यावरून प्रथिन होत नाही. आरएनए मोजून प्रथिनाचा अंदाज करणाऱ्याने हे विसरू नये.

आयएल-६बाबत आणखी एक गुंता आहे. त्याच्या संदेशक आरएनएच्या टोकाला ॲडेनिन-युरॅसिल यांची दाट रचना असते. तिच्यामुळे तो अल्पायुषी ठरतो. रेग्नेज-१ हे प्रथिन त्याचे तुकडे करते, एरिड-५ए त्याला वाचवते. त्यामुळे मोजलेले प्रमाण हे निर्मिती व नाश यांच्या वजाबाकीतून उरलेले असते. आयएल-१ बीटाचे तर आरएनए पुष्कळ असूनही कार्यक्षम प्रथिन शून्य असू शकते, कारण एनएलआरपी-३ संकुल जुळून कॅस्पेज-१ने त्याची छाटणी केल्याखेरीज ते निष्क्रियच राहते.

‘वादळ’ की उशीर : साथीच्या काळात वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचलेली ‘सायटोकाइन वादळ’ (सायटोकाइन म्हणजे आयएल-६सारखी, पेशींनी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडलेली प्रथिने) ही संज्ञा मुळात श्वसनरोगाची नव्हे. ती १९९३ मध्ये अवयव व अस्थिमज्जा रोपणाशी संबंधित लेखनात आली असे मानले जाते, आणि इन्फ्ल्युएंझाकडे ती नंतर वळली. एच५एन१ बर्ड फ्लूच्या रुग्णांत विषाणूचे प्रमाण आणि सायटोकाइनची पातळी दोन्ही चढी असल्याचे २००६ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे संज्ञेला बळ मिळाले. कोविडमध्ये मात्र तिच्यावर आक्षेप आले. गंभीर कोविड रुग्णांच्या रक्तातील आयएल-६ हे कर्करोगावरील सीएआर-टी (बदल केलेल्या टी-पेशींच्या) उपचारांत दिसणाऱ्या सायटोकाइन-मुक्तीच्या तुलनेत सुमारे शंभरपटीने कमी होते, असे २०२०च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. वादळ म्हणावे तर ते फारच मंद.

इंटरफेरॉनविषयीचे दुमत अधिक मूलभूत आहे. २०२०च्या एका गटाच्या कामात कोविडमध्ये इंटरफेरॉनची जनुके दबलेली व आयएल-६ आणि केमोकाइन (संरक्षक पेशींना बोलावणारी प्रथिने) चढलेली दिसली. गंभीर रुग्णांच्या रक्तातही पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची क्रिया क्षीण आढळली. दुसऱ्या गटांना फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात आणि रक्तातील पेशींत इंटरफेरॉनची जनुके जोमाने चालू असलेली दिसली. प्रस्तुत लेखकाला ही दोन मते परस्परविरोधी वाटत नाहीत. नमुना कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या जागेचा, यावर उत्तर बदलते. सार्सच्या उंदरांवरील २०१६च्या प्रयोगाने हाच मुद्दा आधी सुचवला होता : इंटरफेरॉन लवकर मिळाले तर जनावर वाचते, उशिरा उसळले तर तेच दाहाला खतपाणी घालते. लहान मुलांच्या नाकाच्या अस्तरात एमडीए-५ व आरआयजी-आय आधीपासूनच जास्त सज्ज असतात, हे २०२१चे निरीक्षणही याच बाजूला झुकते. शिवाय अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी निदान दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. त्यांच्या बाबतीत पहिली वाट संसर्गाआधीच बंद होती.

मानमोडी : १९१८च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. मान मोडून पाडणारा ताप हा अर्थ सरळ आहे. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराशी तो जोडण्याचे कारण दिसत नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची लोकसंख्या १९११च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. या घसरणीत मानमोडीबरोबर दुष्काळाचा व प्लेगचाही वाटा धरावा लागतो.

या विषाणूची संपूर्ण जनुकीय माहिती २००५ मध्ये पूर्ण झाल्यावर तो प्रयोगशाळेत पुन्हा बांधण्यात आला. २००६ मध्ये उंदरांत आणि २००७ मध्ये माकडांत त्याने दाहजनुकांची अवाजवी व न थांबणारी अभिव्यक्ती घडवली. तरुण माणसे का दगावली, याचे उत्तर त्यातून मिळाल्यासारखे वाटले. मात्र जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून, बहुतेक मृत्यू नंतर जडलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, असे २००८ मध्ये मांडले गेले. दोहोंत दुसरे मत अधिक भक्कम दिसते. विषाणूने अस्तर उघडे पाडल्यावर जीवाणूंना वाट मोकळी होते, हे पहिल्या मताशीही जुळते.

मोजमाप : रक्त काढल्याबरोबर पेशींतील जनुकाभिव्यक्ती बदलू लागते आणि आरएनए झपाट्याने तुटतो. म्हणून नमुना आरएनए जपणाऱ्या द्रावणाच्या नळीत घेतात व उणे ८० अंशांच्या शीतकपाटात ठेवतात. नंतर आरटी-पीसीआर, मायक्रोॲरे किंवा आरएनए अनुक्रमण करतात. पीसीआरमध्ये तुलनेसाठी जीएपीडीएच किंवा बीटा-ॲक्टिनसारखे ‘स्थिर’ जनुक धरतात. दाहात तेही हलते, हा या तंत्राचा जुना दोष आहे. दुसरा दोष पेशींच्या मिश्रणाचा. गंभीर रुग्णात न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी). त्यामुळे जनुक चढल्याचा भास केवळ पेशींचे प्रमाण बदलल्याने होऊ शकतो. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याच्या पद्धतीने तो बराचसा दूर झाला.

कोविडच्या नेहमीच्या स्वॅब तपासणीतही रुग्णाचे एक जनुक मोजले जात असे. अनेक संचांत नमुना नीट घेतला की नाही हे पाहण्यासाठी मानवी आरनेज-पीचा अंतर्भाव होता. तपासणी करून घेणाऱ्याला याचा पत्ताही नसे.

विषाणू की जीवाणू, हे ओळखण्यासाठी जनुकांचे छोटे संच सुचवले गेले आहेत. तापाने आजारी मुलांत आयएफआय-४४एल व एफएएम-८९ए या दोनच जनुकांवर आधारलेली कसोटी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. इन्फ्ल्युएंझासाठी आयएफआय-२७ एकटेही उपयोगी पडते असे २०१७ मध्ये दाखवले गेले. या कसोट्या मराठवाड्यासारख्या भागात जपून वापराव्या लागतील. क्षयरोगातही रक्तात इंटरफेरॉनच्या जनुकांची ठळक खूण उमटते, हे २०१०पासून ज्ञात आहे. डेंग्यूतही ती उमटते. दोन्ही आजार येथे नित्याचे आहेत.

मराठवाडा : विभागातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर (तेथील रुग्णालय बोलीत ‘घाटी’), अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथे जुनी आहेत. २०२०च्या साथीत विषाणूच्या आरटी-पीसीआर तपासण्या वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ व नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या प्रयोगशाळांतही झाल्या. रुग्णाच्या दाहाचा अंदाज मात्र जनुकांवरून नव्हे, तर सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर आणि परवडल्यास आयएल-६ या रक्तातील घटकांवरून घेतला जाई. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न छातीच्या एचआरसीटी स्कॅनमधील २५ पैकी गुणांविषयी असे. फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन तो काढतात.

खेड्यातला रुग्ण आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, आणि धाप वाढली की ‘घाटीत हलवा’ म्हटल्यावर मोठ्या दवाखान्यात येतो. तोवर आजाराचा पहिला आठवडा बहुधा उलटलेला असतो, म्हणजे इंटरफेरॉनची वेळ सरून एनएफ-कप्पा-बीची चाललेली असते. त्याआधी एखादी डेक्साची (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची) सुई झाली असेल तर चित्र आणखी पुसट होते, कारण हे औषध दाहजनुकांनाच दाबते. त्याचा लाभही वेळेवरच अवलंबून असल्याचे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले : रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. मधुमेही रुग्णांत स्टेरॉइडचा सढळ वापर २०२१च्या म्युकरमायकोसिसला (‘काळी बुरशी’) पोषक ठरला असे मानतात. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने तो अधिसूचित रोग करण्यास राज्यांना सांगितले.

अनुवंशाचा भाग : तिसऱ्या गुणसूत्रावरील ३पी२१.३१ हा तुकडा गंभीर कोविडशी निगडित असून तो निअँडरथल मानवाकडून आला आहे, असे झेबर्ग व पाबो यांनी २०२० मध्ये मांडले. दक्षिण आशियात निम्म्याच्या आसपास, तर युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो किमान एका प्रतीत आढळतो. त्या तुकड्यातील नेमके जबाबदार जनुक कोणते, याविषयी एलझेडटीएफएल-१, सीएक्ससीआर-६ व एसएलसी-६ए-२० अशी नावे घेतली जातात. २०२१च्या संशोधनाने एलझेडटीएफएल-१कडे बोट दाखवले. ते जनुक दाहाचे नसून फुप्फुसाच्या अस्तरपेशींच्या प्रतिसादाशी संबंधित मानले जाते.