‘ब्लो-अप’मधली व्हेरुश्का

इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनीचा ‘ब्लो-अप’ (१९६६) लोकांच्या लक्षात राहिला तो बागेतल्या खुनाच्या फोटोमुळे. ‘जाने भी दो यारों’त मुंबईतल्या बागेला थेट ‘आंतोनिओनी पार्क’ असं नाव देऊन कुंदन शाह यांनी त्याला सलामही ठोकला. पोस्टरवर मात्र दुसरंच दृश्य झळकलं. दोन्ही बाजूंनी उघडा, चमचमता काळा पोशाख घालून जमिनीवर पहुडलेली उंच बाई आणि तिच्या अंगावर झुकून कॅमेरा चालवणारा, फोटोग्राफरच्या भूमिकेतला डेव्हिड हेमिंग्ज. हवे ते फोटो मिळाले की तो उठतो आणि सोफ्यावर अंग टाकतो. ती तशीच जमिनीवर.

ती जर्मन मॉडेल व्हेरुश्का. भूमिका स्वतःचीच, जेमतेम काही मिनिटांची.

‘स्वतःची’ म्हणायचं, पण ही व्हेरुश्का तिनेच घडवलेली. मूळची ती व्हेरा फॉन लेनडॉर्फ, १९३९ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या पूर्व प्रशियात, सरदार घराण्यात जन्मलेली. घरच्या श्टायनोर्टच्या वाड्यातला एक भाग हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने बळकावला होता. त्याच छपराखाली राहून तिचे वडील हाइनरिश हिटलरला मारण्याच्या कटात सामील झाले. २० जुलै १९४४चा बॉम्ब फसला आणि सप्टेंबरात त्यांना फाशी झाली. व्हेरा तेव्हा पाच वर्षांची होती. देशद्रोह्याची मुलं म्हणून तिला आणि तिच्या बहिणींना आईपासून तोडून दूर ठेवलं गेलं. युद्धानंतर वाडा आणि जमीन पोलंडमध्ये गेली.

पुढे हॅम्बर्गला कलाशिक्षण झालं आणि फ्लॉरेन्समध्ये तिला मॉडेलिंगची वाट सापडली. १९६१ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, पण तिथे डाळ शिजेना. मग रशियन वाटणारं नाव, नखशिखांत काळे कपडे आणि गूढ चालढाल असं नवंच सोंग घेऊन ती पुन्हा उतरली, आणि ‘व्होग’ या फॅशन मासिकाने तिला डोक्यावर घेतलं. आंतोनिओनीने पडद्यावर आणलं ते हे सोंग. माझ्या मते तिची सर्वांत मोठी भूमिका तीच, आणि ती कॅमेऱ्यासमोर येण्याआधीच वठलेली होती.

सिनेमा नंतर अधूनमधून भेटत राहिला. त्यातली धाडसी निवड म्हणजे जर्मन दिग्दर्शिका उल्रिके ओटिंगरच्या १९८४च्या चित्रपटातला डोरियन ग्रे, म्हणजे चक्क पुरुषपात्र. ‘व्होग’शी तिचं १९७५ मध्येच बिनसलं होतं. त्यानंतर तिचा जीव रमला तो कलावंत होल्गर ट्रुल्झ्शसोबत स्वतःचं अंग रंगवून जुन्या भिंतींमध्ये, दारांमध्ये मिसळून जाण्यात. २००६च्या ‘कसिनो रोयाल’ या बाँडपटात ती पोकरच्या टेबलावर क्षणभर दिसते. पात्र एका काउंटेसचं. जन्माने ती होतीच.