स्पायडरमॅनचे जाळे आकाशाला चिकटते काय?

कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांत एक समज वर्षानुवर्षे पक्का बसला आहे, तो असा की स्पायडरमॅनच्या गेममध्ये जाळे कुठेही फेकले तरी ते आकाशालाच चिकटते. २००० सालच्या गेमपुरते हे खरे होते. मात्र २००४ मधील ‘स्पायडर-मॅन २’ने जाळ्याला प्रत्यक्ष इमारतींचा आधार दिला आणि २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेल्या गेमनेही तीच पद्धत राखली. खात्री करायची असल्यास त्या गेममधील सेंट्रल पार्कात जावे: तिथे धागा झाडांना लागतो आणि झोका बुटका होतो, तर भर नदीवर आधारच नसल्याने झोका घेताच येत नाही. (आपल्या रंकाळा तलावावरही बिचाऱ्याची हीच गत झाली असती.)