ट्यूब माइक प्रीअँप स्वतः बांधताना : आराखडा कसा निवडावा

लातूरच्या आमच्या कार्यशाळेत ट्रान्सफॉर्मर किंवा चेसिस करून घ्यायला येणारे बरेच ग्राहक एखाद्या नामांकित प्रीअँपची (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राची) सर्किट आकृती मोबाइलवर उघडूनच येतात. आकृती बहुधा बरोबर असते, परंतु ती आपल्या माइकला, आपल्या विजेला आणि आज बाजारात मिळणाऱ्या ट्यूबना (सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात नळ्यांना) झेपणारी आहे का, हे आधी पाहिलेले नसते. सामानाची मागणी नोंदवण्यापूर्वी ते पाहिले जावे, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

सुरुवात माइकपासून करावी. कीर्तन-भजनाच्या मंचावर सर्रास दिसणारा एसएम५८ हा डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. रेकॉर्डिंगच्या यंत्राला लागणारी १.२३ व्होल्टची पातळी तेवढ्यावरून गाठायची, तर साधारण ५६ डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, हवा. त्याच आवाजाला १० मिलिव्होल्ट देणाऱ्या कंडेन्सर माइकला ४२ डेसिबल पुरतात. बुवा माइकला ओठ लावून खड्या आवाजात गात असतील, तर याहूनही कमी गेन लागतो. संथ निवेदन किंवा लांबून घेतलेली एकतारी असेल, तर जास्त. हा हिशोब केला की अर्धे आराखडे आपोआप बाजूला पडतात.

उदाहरणार्थ टेलिफुंकन व्ही७२. १९५०च्या दशकात जर्मन रेडिओ केंद्रांमध्ये वापरात असलेल्या या पेटीत दोन ईएफ८०४एस पेंटोड (पाच इलेक्ट्रोडच्या) ट्यूब असून गेन ३४ डेसिबलवर कायम बांधलेला आहे. कंडेन्सर माइक आणि खडा आवाज असेल तर तो चालतो, पण एसएम५८वर निवेदन ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्याची निराशा होते. चांगल्या स्थितीतील ईएफ८०४एस महाग पडते, आणि तिच्या पायांची मांडणी वेगळी असल्यामुळे त्याच सॉकेटमध्ये ईएफ८६ बसवता येत नाही. नावाच्या मोहापायी हा आराखडा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ईएमआय कंपनीचा रेड४७ आम्हांला अधिक व्यवहार्य वाटतो. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील रेड५१ या मिक्सरमध्ये हेच प्रीअँप होते आणि बीटल्सची पुष्कळ ध्वनिमुद्रणे त्यातून गेली. त्यात एक ईएफ८६ आणि एक ई८८सीसी लागते; दोन्ही ट्यूब आजही नव्या बनतात, आणि गेन पायऱ्यांनी बदलता येतो. मात्र ईएफ८६ ठोक्याला संवेदनशील असते. निवड करताना प्रीअँप चालू ठेवून, हेडफोन लावून पेन्सिलीच्या टोकाने काचेवर हलकेच टकटक करावी. घंटेसारखा नाद उमटला, तर ती ट्यूब सिग्नल सर्वांत आधी वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यात वापरू नये.

आरसीएचा ओपी-६ हा बाहेरील प्रक्षेपणासाठी केलेला, १६२० क्रमांकाच्या तीन ट्यूबचा फिरता प्रीअँप. गेन भरपूर, स्वर सुरेख. परंतु १६२० आता कोणी बनवत नाही, आणि तिचे ग्रिड (सिग्नल आत घेणारे टोक) डोक्यावरच्या टोपीला असल्यामुळे तिथली वायर अँटेनासारखी हम (विजेची गुणगुण) ओढून घेते. संग्राहकाने बांधावा.

पहिल्यांदाच बांधणाऱ्यांना आम्ही १२एएक्स७ ट्रायोडचे (तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूबचे) दोन टप्पे आणि निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणे) असलेला साधा आराखडा सुचवतो. त्याला मोठे नाव नाही, पण ट्यूब सहज मिळते आणि चूक शोधायला सोपी जाते.

कोणताही आराखडा घेतला तरी खर्चाचा मोठा वाटा इनपुट ट्रान्सफॉर्मरसाठी राखून ठेवावा. माइकच्या अंगी असतो तसा दीडशे ओहमचा रोधही स्वतः सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट खरखर निर्माण करतो, तर ईएफ८६ची स्वतःची खरखर सुमारे २ मायक्रोव्होल्ट असते. म्हणजे माइक सरळ ग्रिडला जोडला, तर ट्यूबचीच खरखर वरचढ ठरते. एकास दहा गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर सिग्नल आणि माइकची खरखर दोन्ही दहापट करतो, त्यामुळे ट्यूबची भर फारशी जाणवत नाही; शिवाय २० डेसिबल गेन फुकट पदरात पडतो. शेतातल्या पंपाची मोटार भरून देणारे कारागीर मेन्स ट्रान्सफॉर्मर उत्तम भरतात, पण म्यूमेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डब्यातला हा ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडून करून घेण्याचा हट्ट धरू नये.

आमच्या पहिल्याच नगात मेन्स ट्रान्सफॉर्मर या इनपुट ट्रान्सफॉर्मरपासून चार बोटांवर बसवला गेला होता, आणि फिल्टर कपॅसिटर दुप्पट करूनही घूं घूं हटली नव्हती. तेव्हापासून आम्ही इनपुट ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळण्यापूर्वी हेडफोन लावून तो हाताने सावकाश फिरवतो. एका विशिष्ट कोनात गुणगुण एकदम खाली जाते, त्याच कोनात तो पक्का करतो.

कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) देताना ६.८ किलोओहमचे दोन्ही रेझिस्टर मीटरवर मोजून जुळवावेत. नाही तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून डीसी वाहून त्याचा गाभा चुंबकित होतो.

युरोप-अमेरिकेच्या आकृत्यांमध्ये न सापडणारी आपल्याकडची बाब म्हणजे विजेचा दाब. रब्बीत पंप सुरू झाले की गावाकडे २३० व्होल्टचे २०० होतात. तेव्हा ६.३ व्होल्टच्या हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) साडेपाचच मिळतात, आणि दहा टक्क्यांची मुभा धरली तरी हे कमीच आहे. म्हणून हीटरसाठी ९ व्होल्टचे वेगळे वाइंडिंग घेऊन त्यावर डीसी रेग्युलेटर लावावा, म्हणजे हमही जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्यावेत आणि चेसिसला वरून जाळी ठेवावी. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ट्यूबची उष्णता वेगळी धरावी लागते.

या सर्किटमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. मुख्य कपॅसिटरला १०० किलोओहम, ३ वॅटचा रेझिस्टर कायमचा समांतर जोडावा. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याने सुमारे अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. तरीही मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. घराला योग्य अर्थिंग नसेल, तर ते आधी करून घ्यावे; तोवर आम्ही तयार चेसिसही चालू करून देत नाही.

मागणी नोंदवण्यासाठी येताना आपण वापरणार तो माइक सोबत आणावा, आणि घरातला विजेचा दाब संध्याकाळी सात वाजता व रात्री अकरा वाजता मोजून लिहून आणावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरचे वेढे आम्ही त्या दोन आकड्यांवरून ठरवतो.